किल्ली फिरवली, गाडी गप्प : इंजिनच्या तपासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. २२ वर्षं हेच काम. सकाळी शटर वर जायच्या आधी फोन सुरू होतात आणि निम्म्या फोनचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "मिस्त्री, गाडी चालू होत नाही." मी विचारतो, सेल्फ (इंजिनला सुरुवातीला फिरवणारी मोटर) फिरतो का? पलीकडे जरा शांतता, कारण तेवढं बघितलेलं नसतं. बॅटरी टाकू का, पंप गेला का, इथवर मात्र विचार पोचलेला असतो. गाडी का बंद पडली हे कळल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका, एवढ्या एका गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलोय. खालचे प्रश्न गिऱ्हाइकांनी विचारलेले आहेत, उत्तरं गॅरेजात देतो तशीच दिली आहेत.

किल्ली फिरवली आणि गाडी चालू झाली नाही. पहिल्यांदा काय बघायचं?

बघायच्या आधी ऐकायचं. गाणी बंद, एसी बंद, काच खाली, आणि किल्ली एकदाच नीट फिरवायची.

काहीच आवाज आला नाही, तर वीज सेल्फपर्यंत पोचत नाही. टक-टक-टक आवाज आला, तर वीज पोचते पण पुरत नाही. एकच मोठा 'ठक्' येऊन सगळं थांबलं आणि दिवे मंद झाले नाहीत, तर सेल्फ मोटरकडे किंवा तिच्या सोलेनॉइडकडे (तिला वीज जोडणाऱ्या स्विचकडे) बघायचं. सेल्फ नेहमीसारखा फिरतो पण इंजिन धरत नाही, तर बॅटरीचा विषय तिथंच संपला. मग पेट्रोल, ठिणगी, हवा, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) यांतलं काहीतरी कमी पडतंय.

हे चार आवाज ओळखता आले की अर्धा तपास झाला. लोक इथंच घाई करतात आणि गाडी धरेल या आशेनं पंधरा-वीस वेळा किल्ली मारतात. सेल्फ एका वेळी शंभर अँपिअरच्या वर करंट ओढतो. दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये अर्धा मिनिट तरी थांबा. नाहीतर मूळ दोष राहतो बाजूला आणि बॅटरीही उतरते.

काहीच आवाज येत नाही. डॅशबोर्डवरचे दिवे मात्र लागतात. मग?

क्लच पूर्ण दाबलाय का बघा. बऱ्याच नव्या गाड्यांत क्लच तळाला गेल्याशिवाय सेल्फ फिरत नाही, आणि पेडलखाली सरकलेलं मॅट अडकलं तरी तेवढं पुरतं. ऑटोमॅटिक असेल तर लिव्हर 'पी'वरून 'एन'वर घेऊन बघा. त्यानंतर फ्यूज आणि सेल्फचा रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच). फ्यूजबॉक्सच्या झाकणाच्या आत नकाशा छापलेला असतो. हॉर्नचा रिले त्याच मापाचा आणि त्याच नंबरचा असेल तर दोघांची अदलाबदल करून बघता येते. फुकटात होणारा तपास आहे.

नुसतं टक-टक-टक होतंय. म्हणजे बॅटरी गेली ना?

बहुतेक वेळा हो. पण बहुतेक वेळा म्हणजे प्रत्येक वेळा नव्हे, आणि या फरकापायी लोकांचे बरेच पैसे जातात.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली गेली तर उतरली. पण नुसता हा आकडा पुरत नाही. सेल्फ मारताना बघायचं. त्या वेळी व्होल्टेज साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी आतून थकलीय, उभी असताना कितीही छान आकडा दाखवो. चालू इंजिनवर १३.८ ते १४.५ दिसलं तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं यंत्र) चार्ज करतोय. तिथं १२ च दिसत असेल तर नवी बॅटरी टाकून उपयोग नाही, तीही दोन दिवसांत उतरेल.

गेल्या हिवाळ्यात कळंब्याचे एक निवृत्त शिक्षक आले. दीड वर्षात दोन बॅटऱ्या आणि एक सेल्फ मोटर बदलून झाली होती, दुसरीकडे. तरी सकाळी टक-टक. सर म्हणाले, "आता तुम्हीपण बॅटरीच सांगणार असाल तर मी गाडी विकतो." मीटर लावला, १२.६. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर धरली, दुसरी थेट इंजिनच्या ब्लॉकवर, आणि सरांना सेल्फ मारायला सांगितलं. तिथं अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको. आकडा ३ च्या वर गेला. म्हणजे बारातले तीन व्होल्ट वाटेतच खर्च होत होते.

बॅटरीपासून गिअरबॉक्सकडे जाणारी अर्थची (निगेटिव्हची) वायर वरून अगदी चांगली दिसत होती. थिंबलजवळ (टोकाच्या धातूच्या कडीजवळ) वाकवली तर आत करकर वाजली. ब्लेडनं वरचं आवरण सोललं, तर तांब्याच्या तारांच्या जागी हिरवी पूड बोटांना लागली आणि मध्ये धड चार-पाच तारा उरलेल्या. एक हात लांबीची वायर बदलली, बोल्टची जागा पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केली. पहिल्या सेल्फला गाडी चालू झाली. सर बराच वेळ ती जुनी वायर हातात घेऊन बघत उभे होते. आपल्याकडच्या पावसात, त्यातून गगनबावडा-राधानगरी भागात फिरणाऱ्या गाड्यांत, हा दोष मी वर्षातून कितीतरी वेळा बघतो.

टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशी चढली असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा, कोरडं करा, घट्ट बसवा, वर थोडी व्हॅसलीन लावा. सोडताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी.

मीटर नाही माझ्याकडे. तरी कळेल?

हेडलाइट लावा आणि भिंतीसमोर उभ्या गाडीत सेल्फ मारा. दिवे आधीच पिवळट असतील किंवा सेल्फ मारताना पार विझत असतील तर बॅटरी किंवा टर्मिनल. दिवे तसेच झगझगीत राहिले आणि सेल्फ गप्प, तर वीज सेल्फकडे जातच नाही.

बॅटरी नवी आहे, अल्टरनेटर चांगला आहे, तरी दोन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते.

कुठंतरी करंट चोरला जातोय. हिशोब करा. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची असते. गाडी बंद असताना अर्धा अँपिअर जरी कुठं जात असला तरी दिवसाला १२ अँपिअर-अवर गेले, दोन दिवसांत २४. सेल्फ फिरवायला उरलं काय?

बंद गाडीत ५० मिलिअँपिअरपर्यंत करंट घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर यांना लागतोच. तपासायचं तर निगेटिव्ह टर्मिनल सोडून मध्ये अँपिअरवर लावलेला मीटर जोडायचा, दरवाजे बंद, किल्ली गाडीपासून लांब, आणि अर्धा तास थांबायचं. गाडीतले कॉम्प्युटर झोपायला तेवढा वेळ घेतात. मग एकेक फ्यूज उपसायचा. ज्या फ्यूजला आकडा खाली येतो, चोर त्याच वाटेवर. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल.

माझ्याकडे यातले सगळ्यात जास्त चोर सापडतात ते बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टीम, रिव्हर्स कॅमेरा आणि जीपीएस यंत्रात. वायर जोडताना किल्लीच्या लाइनऐवजी कायम चालू असलेल्या लाइनवर जोडलेली असते. डिकीतला न विझणारा दिवासुद्धा एकदा सापडला होता. मालकाला आत फोन ठेवून व्हिडिओ काढायला लावला तेव्हा त्याला पटलं.

दुसऱ्या गाडीवरून जंप देताना वायरी कशा जोडायच्या?

लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनवर, रंग नसलेल्या लोखंडी बोल्टवर, बॅटरीपासून लांब. शेवटचं टोक जोडताना ठिणगी पडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो, म्हणून तसं. काढताना बरोबर उलट्या क्रमानं. दोन्ही गाड्या एकमेकींना टेकलेल्या नकोत.

ढकलून चालू केली तर चालेल का?

गिअरची गाडी असेल आणि दोष बॅटरी किंवा सेल्फचाच असेल तर चालेल. किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून ठेवा, वेग आला की क्लच सोडा. ऑटोमॅटिक गाडी अशी चालू होत नाही. आणि पाण्यातून आलेली गाडी कधीही ढकलू नका, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

सेल्फ जोरात फिरतोय, पण इंजिन धरत नाही. इथून पुढे कसं जायचं?

टाकीत पेट्रोल आहे का? विचारायला लाज वाटू देऊ नका. काट्याचा फ्लोट अडकला की पाव टाकी दाखवतो आणि आत ठणठणाट.

मग डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकतंय का बघा. तसं असेल तर गाडीनं किल्ली ओळखलेली नाही. दुसरी किल्ली वापरा, किल्लीच्या जुडग्यातल्या बाकीच्या किल्ल्या आणि चिपा लांब करून बघा. बटणवाली गाडी असेल तर रिमोटचा सेल उतरलेला असतो. बहुतेक गाड्यांत रिमोटच थेट बटणावर टेकवून चालू करता येतं.

पेट्रोल गाडीत किल्ली फक्त ऑन करा आणि मागच्या सीटकडे कान द्या. टाकीतला पंप साधारण दोन सेकंद 'हूंऽऽ' करून थांबतो. हा आवाज आला नाही तर पंपाचा फ्यूज, रिले, वायरिंग, आणि सगळ्यात शेवटी पंप. लोक उलट्या बाजूनं जातात, टाकी उतरवून नवा पंप टाकतात आणि मग कळतं की रिलेच्या पायाला गंज होता. पंपाचा आवाज येतोय पण प्रेशर नाही असंही होतं, त्याला गेज लावावा लागतो.

सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडेही नजर ठेवा. इंजिन फिरतंय आणि काटा शून्यावरून हलतच नाही, तर क्रँक सेन्सरचा संशय घ्या. तो नसेल तर कॉम्प्युटरला इंजिन फिरतंय हेच कळत नाही, मग ना ठिणगी ना पेट्रोल. काही गाड्यांत काटा तसाही हलत नाही, म्हणून हा फक्त इशारा समजा. स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) पी०३३५ हा कोड आला तर त्याच दिशेला चला, पण सेन्सर घेण्याआधी त्याची वायर आणि प्लग बघा.

एक आवाज मात्र लक्षात ठेवा. सेल्फ नेहमीपेक्षा हलका, एकसुरी, भर्रर्र असा फिरतोय, मधली कॉम्प्रेशनची 'हुप्-हुप्' लयच नाही. टायमिंग बेल्ट तुटला असू शकतो. त्यानंतर एकदाही किल्ली मारू नका. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन येऊन व्हॉल्व्हवर आदळतो. गाडी टोचन करून आणा. बेल्ट किती किलोमीटरला बदलायचा हे गाडीच्या पुस्तकात असतं, आणि जुनी गाडी घेताना हा प्रश्न मालकाला विचारायलाच हवा.

कॉम्प्रेशन मोजायचं तर सगळे प्लग काढून गेज लावतात. चार सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एक खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा, जैसे थे राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधली पट्टी). जुन्या मिस्त्रींकडून आलेली ही पद्धत आजच्या इंजिनालाही तितकीच लागू पडते.

गाडी गरम झाली की चालता चालता बंद पडते. अर्ध्या तासानं आपोआप चालू होते.

मागच्या उन्हाळ्यात रत्नागिरीला निघालेलं एक कुटुंब आंबा घाटात असं दोनदा थांबलं. दोन्ही वेळा चहा पिईपर्यंत गाडी ठणठणीत. प्लग आणि पेट्रोल फिल्टर बदलून झाले होते. गाडी माझ्याकडे आली तेव्हा थंड, काहीच दोष नाही. मी ती तशीच तासभर चालू ठेवली. बंद पडली. लगेच सेल्फ मारला, काटा शून्यावर. क्रँक सेन्सरवर ओलं फडकं ठेवलं आणि पाच मिनिटांत गाडी धरली. सेन्सरच्या आतली बारीक तार गरम झाली की सुटते, गार झाली की जुळते.

असा दोष गाडी बंद पडलेली असतानाच सापडतो. म्हणून गाडी ठेवून जा म्हटलं तर नाराज होऊ नका. पेट्रोल पंपही गरम झाल्यावर असाच दगा देतो, दोघांतला फरक त्या पाच मिनिटांतच करावा लागतो.

डिझेल संपलं होतं. भरलं तरी गाडी चालू होत नाही.

लाइनमध्ये हवा शिरलीय. फिल्टरवर किंवा लाइनवर हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा, मग सेल्फ मारा. ज्या गाड्यांत टाकीतच इलेक्ट्रिक पंप आहे तिथं किल्ली चार-पाच वेळा ऑन-ऑफ करा, प्रत्येक वेळी थोडं थांबून. जुन्या गाड्यांत इंजेक्टरचे नट ढिले करून हवा काढत. कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या पाइपातून डिझेल देणाऱ्या) गाडीत ते अजिबात करू नका. त्या पाइपांत हजार बारच्या वर दाब असतो, तो फवारा कातडीतून आत जातो.

फिल्टरमध्ये पाणी साठल्याचा दिवा लागला असेल तर खालचा स्क्रू सोडून पाणी काढा. आणि थंडीत हीटरचा पिवळा, गुंडाळलेल्या तारेचा दिवा विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारा.

पेट्रोल गाडीत चुकून डिझेल भरलं, किंवा उलटं.

किल्लीला हात लावू नका. पंपावरच बाजूला ढकलून घ्या आणि टाकी रिकामी करायला माणूस बोलवा. न फिरवलेली किल्ली इथं सगळ्यात जास्त पैसे वाचवते, विशेषतः डिझेल गाडीत पेट्रोल गेलं असेल तर. डिझेलचा पंप आणि इंजेक्टर डिझेलच्याच चिकटपणावर चालतात.

पुराच्या पाण्यात गाडी बुडाली होती किंवा पाण्यातून जाताना बंद पडली. वाळल्यावर चालू करून बघू का?

नाही. हे उत्तर मी हात जोडून देतो.

इंजिन हवा दाबतं. पाणी दाबलं जात नाही. एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये वाटीभर पाणी जरी गेलं असेल आणि तुम्ही सेल्फ मारलात, तर वर येणारा पिस्टन पाण्यावर अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. चालत्या गाडीत तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ५५ फूट ओलांडले, तिथं ४३ फुटांना धोक्याची पातळी असते. पाणी ओसरल्यावर माझ्याकडे एका आठवड्यात ११ गाड्या टोचन होऊन आल्या. नऊ गाड्यांना कोणी हात लावलेला नव्हता, त्या सगळ्यांची इंजिनं वाचली. दोन मालकांनी "बघू तरी" म्हणून किल्ली फिरवली होती. त्यातला एक दुधाळीचा तरुण, नवी गाडी, हप्ते चालू. वाकलेला रॉड मी त्याच्या हातात दिला तेव्हा त्यानं फक्त विचारलं, "एकदाच फिरवली ओ, तरी?" एकदाच पुरते. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा त्यानं आदल्या दिवशीच गाडी उंचावर नेऊन लावली आणि मला फोन करून सांगितलं.

मग करायचं काय? बॅटरीचा निगेटिव्ह काढा. पाणी कुठवर चढलं होतं त्याची खूण दिसेल असे फोटो काढा आणि विमा कंपनीला लगेच कळवा. साध्या विम्यात पाण्यानं बिघडलेल्या इंजिनाचा खर्च बहुधा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. बुडालेली गाडी चालू करण्याचा प्रयत्न झाला होता का, हेही बघितलं जातं. पॉलिसी जूनच्या आधी काढून एकदा वाचा.

गॅरेजात आम्ही एअर फिल्टर उघडून ओला आहे का बघतो. ऑइलची कांडी काढतो, ऑइल दुधाळ चहासारखं झालं असेल तर पाणी खालपर्यंत गेलंय. प्लग काढतो, डिझेलला हीटर प्लग किंवा इंजेक्टर. मग पान्यानं इंजिन हातानं फिरवतो. मोकळं फिरलं तरच प्लग न लावता सेल्फ मारतो, म्हणजे पाणी भोकांतून बाहेर उडतं. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदलायचं, थोडा वेळ चालवून पुन्हा बदलायचं. वायरिंगचे सॉकेट उघडून वाळवण्यात दोन-दोन दिवस जातात आणि त्यात घाई केली तर सहा महिन्यांनी गंज बोलू लागतो.

गाडी मिसिंग करते, उभी असताना थरथरते, पिकअप नाही.

एक सिलिंडर काम करत नाहीये असं धरून चला. स्कॅनरवर पी०३०२ आला, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर. आता दोन नंबरची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) तीन नंबरवर लावा, तीनची दोनवर. कोड पुसा, गाडी चालवा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब, कारण दोष कॉइलबरोबर सरकला. दोनवरच राहिला तर प्लगची तशीच अदलाबदल करा, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. चारही कॉइल एकदम बदलायला सांगणाऱ्याला आधी ही अदलाबदल करून दाखवायला सांगा. दहा मिनिटांचं काम आहे.

पी०३०० म्हणजे मिसिंग एका जागी नाही. तिथं पेट्रोलचं प्रेशर, कुठून तरी आत शिरणारी फालतू हवा, किंवा खराब पेट्रोल बघायचं.

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलाय. चालवू की नको?

स्थिर लागला असेल आणि गाडी नीट चालत असेल तर सावकाश घरी जा, दोन-चार दिवसांत दाखवा. लुकलुकत असेल तर रेस कमी करा आणि थांबा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय, आणि तो पार्ट महाग आहे. तेलाच्या किटलीचं चिन्ह असलेला लाल दिवा वेगळा. तो लागला तर त्याच क्षणी इंजिन बंद.

स्वतःचा स्कॅनर घ्यावा का?

घ्या, स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला लागतो. फक्त कोडला निकाल समजू नका. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. ऑक्सिजन सेन्सर बदला असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही, उलट तो सेन्सर बिचारा खरं सांगतोय. फाटका हवेचा पाइप, मळलेला एअरफ्लो सेन्सर, कमी प्रेशर, यांतलं काय ते शोधणं आपलं काम.

धुराच्या रंगावरून कळतं का?

बरंच. काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी, आधी एअर फिल्टर काढून झटका. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा, दाट, गोडसर वासाचा आणि गरम झाल्यावरही न थांबणारा म्हणजे कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) जळतंय, हेड गॅस्केटकडे बघा. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून निघणारी पातळ वाफ आणि दोन-चार थेंब पाणी हा दोष नाही.

दसरा चौकातल्या गर्दीत गाडी तापते, हायवेला ठीक. जोतिबा चढताना मात्र पुन्हा तापते.

गर्दीत तापून हायवेला गार होत असेल तर रेडिएटरचा पंखा. एसी लावल्यावर तो फिरतो का बघा. चढाला आणि वेगातही तापत असेल तर कूलंट कमी, थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) अडकलेला, किंवा रेडिएटर चोंदलेला. बोअरचं पाणी भरत राहिलात तर क्षार बसून तो चोंदणारच. गरम गाडीचं झाकण उघडू नका, वाफ तोंडावर येते.

उसाच्या हंगामात उंदीर वायरी कुरतडतात. इंजिनला त्रास होतो का?

होतो. रान मोकळं झालं की उंदीर वस्तीकडे सरकतात आणि इंजिनची ऊब त्यांना बरी वाटते. काल चालणारी गाडी आज अचानक तीन-चार वेगवेगळे कोड दाखवत असेल तर पहिल्यांदा टॉर्च घेऊन वायरिंग बघा. लेंड्या, चघळलेला फोम, शेंगांची टरफलं दिसतील. तंबाखूच्या पानांपासून डांबरगोळ्यांपर्यंत लोक सगळं ठेवतात. माझा अनुभव, रोज हलणाऱ्या गाडीला उंदीर कमी लागतात आणि गोठ्याशेजारी महिनाभर उभ्या गाडीला हमखास.

ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे गाडी चालू होत नाही का?

एवढ्याच कारणानं आजवर माझ्याकडे गाडी बंद पडलेली नाही. मायलेज थोडं कमी होतं, कारण इथेनॉलमध्ये उष्णता कमी. खरी अडचण पाण्याची. इथेनॉल पाणी ओढतं, आणि टाकीत पाणी जास्त झालं की इथेनॉल-पाणी वेगळं होऊन तळाला बसतं. पंप तळातूनच उचलतो. पावसाळाभर उभी राहिलेली गाडी चालू होत नसेल तर थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून अर्धा तास ठेवा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करा. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप मात्र वर्षातून एकदा दाबून बघा, मऊ किंवा तडकलेले असतील तर बदला.

सीएनजी गाडी आहे, पेट्रोल टाकतच नाही. चालेल ना?

बहुतेक गाड्या चालू पेट्रोलवरच होतात आणि मग गॅसवर जातात. टाकी कोरडी ठेवली तर पंप जळतो. पाव टाकी पेट्रोल ठेवा, महिन्यातून थोडं त्यावर चालवा, प्लग वेळेवर बदला.

बीएस६ डिझेल आहे, फक्त गावात फिरते. मध्येच जोर जातो.

सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर भरतोय. तो जाळून साफ व्हायला लांब पल्ला लागतो. फिल्टरचा दिवा लागला की दुर्लक्ष न करता कागलच्या दिशेनं महामार्गावर वीस मिनिटं ६० च्या वर एकसारखी चालवा. दिवा गेला नाही तर आणा.

तुम्हाला फोन करण्याआधी काय काय बघून ठेवू?

सेल्फचा आवाज फोनमध्ये रेकॉर्ड करून पाठवा. डॅशबोर्डचा फोटो किल्ली ऑन ठेवून काढा. गाडी थंड असताना बंद पडली की गरम, आदल्या दिवशी पाऊस, धुलाई, पेट्रोल भरणं, नवी म्युझिक सिस्टीम असं काही झालं होतं का, ते सांगा. आधी कोणी काय बदललं हेही न लपवता सांगा. आणि जुने काढलेले पार्ट टाकून दिले नसतील तर डिकीत घालून घेऊन या, मला ते बघायचे असतात.